चालणं आणि मेंदू : आपल्याच वयाचा एक इतिहास

स्मरणिका समितीतली मुलं मागच्या महिन्यात घरी आली. मुलं म्हणजे आता चाळिशीतली, पण त्यांना मी दहावीच्या क्लासला सायकलवर जाताना पाहिलंय, त्यामुळे माझ्यासाठी मुलंच. म्हणाली, "काकू, तुम्ही सोसायटीचा इतिहास लिहा." मी म्हटलं, तो अध्यक्षांनी लिहिलाय की, टँकरच्या दिवसांपासून दुसऱ्या लिफ्टपर्यंत, आणि त्यांच्याकडे मिनिट्सची वह्यासुद्धा आहेत. माझ्याकडे दुसराच एक इतिहास आहे. तो आपल्या इमारतीत घडला नाही, पण त्याचं वय आणि सोसायटीचं वय जवळजवळ सारखं आहे. आणि इमारतीच्या मागच्या रस्त्याशी त्याचा संबंध आहे, तो कसा ते पुढे येईलच.

आपली सोसायटी रजिस्टर झाली १९९९ साली. त्याच वर्षी अमेरिकेत दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक उंदरांवर होता, एक साठी ओलांडलेल्या माणसांवर. दोन्हींचा अर्थ थोडक्यात असा, की नियमितपणे दम लागेल इतकं चाललं-धावलं तर फायदा फक्त हृदयाला होत नाही, मेंदूतही काही बदलतं. आज हे वाक्य कुठल्याही रविवारच्या पुरवणीत सापडतं. तेव्हा ते धाडसाचं होतं. मी त्या काळात ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते आणि पोरांकडून याच्या बरोबर उलटं घोकून घेत होते.

पण सुरुवात १९९९ची नाही. सुरुवात करायची तर लंडनच्या लाल बसपासून करायला हवी.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बेस्टच्या डबल डेकरमधून प्रवास केलाय. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये बसलेला, आणि कंडक्टर तिकिटांची पेटी सांभाळत वर-खाली, वर-खाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरला नेमकं हेच दृश्य महत्त्वाचं वाटलं. हृदयविकाराचे झटके तेव्हा झपाट्याने वाढत होते आणि कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. मॉरिसने बस ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकाच खात्यातले, साधारण एकाच आर्थिक थरातले, एकाच शहराची हवा खाणारे. फरक एवढाच की एक दिवसभर बसलेला आणि दुसरा दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. कंडक्टरना झटके कमी येत होते, आणि आलेच तर उशिरा येत होते. शंकेखोर लोक म्हणाले, जाडजूड माणसंच मुळात ड्रायव्हर होत असतील. मॉरिस काही कमी नव्हता. त्याने युनिफॉर्मच्या पँटींची मापं मिळवली. ड्रायव्हरांचा कंबरेचा घेर खरोखरच जास्त होता, म्हणजे शंकेत तथ्य होतं. पण सारख्याच घेराच्या माणसांची तुलना केली तरी ड्रायव्हरांचंच हृदय जास्त धोक्यात होतं. हा मॉरिस पुढे स्वतःही नियमित व्यायाम करत राहिला आणि २००९ साली वयाच्या ९९व्या वर्षी गेला. एका माणसाच्या आयुष्यावरून सिद्ध काही होत नाही, पण सांगावंसं वाटतं.

मॉरिसचा विषय हृदय होता. मेंदूकडे कोणी पाहत नव्हतं, आणि न पाहण्याला कारण होतं.

ते कारण म्हणजे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल. १९०६ सालचं नोबेल मिळालेला हा माणूस, मेंदूतल्या पेशींची त्याने हाताने काढलेली चित्रं आजही पाठ्यपुस्तकांत असतात. मीही ती फळ्यावर काढायचे, अर्थात त्यांच्याइतकी सुंदर नाहीत. काहाल यांनी लिहून ठेवलं होतं, की प्रौढ माणसाच्या मेंदूतले मार्ग पक्के झालेले असतात. तिथे पेशी मरू शकतात, नव्या जन्मत नाहीत. जमलं तर भविष्यातल्या शास्त्राने हा कठोर निकाल बदलावा, असंही त्यांनी पुढे म्हटलं होतं. पण शिष्यांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं. आपल्याकडेही हे होतंच. गंमत अशी की हे काहाल तरुणपणी पंजा लढवताना एका मित्राकडून हरले, तो अपमान मनाला लागला आणि व्यायामशाळेत जाऊन त्यांनी छाती-दंड कमावले. व्यायामाने स्नायू बदलतात हे त्यांनी स्वतःवर अनुभवलं होतं. मेंदूही बदलत असेल, ही शंका तेव्हा घ्यायला साधनंच नव्हती.

तर "चेतापेशींचे पुनरुत्पादन होत नाही" हा आमच्याकडे एका मार्काचा प्रश्न होता. चूक की बरोबर ते लिहा. बरोबर लिहिलं की मार्क. किती पोरांना मी तो मार्क दिला असेल, मोजदाद नाही.

आणि वाईट याचं वाटतं, की या उत्तराला तडा १९६०च्या दशकातच गेला होता. जोसेफ आल्टमन हा मूळचा बुडापेस्टचा, महायुद्धात नाझींच्या तावडीतून वाचलेला, पुढे अमेरिकेत एमआयटीत पोचलेला संशोधक. विभाजन होणारी पेशी नवा डीएनए बनवते. त्या डीएनएत शिरेल असा किरणोत्सारी पदार्थ त्याने उंदरांना टोचला. म्हणजे टोचल्यानंतर जन्मलेल्या पेशींवर खूण राहणार. प्रौढ उंदरांच्या मेंदूत खुणा सापडल्या. १९६५ साली त्याने आणि गोपाल दास या सहकाऱ्याने मिळून हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशींचा सविस्तर पुरावा दिला. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर दोन्हीकडे असणारा, समुद्री घोड्याच्या आकाराचा भाग. आज सकाळी काय खाल्लं, चावी कुठे ठेवली, आपलं घर कोणत्या गल्लीत, या गोष्टी मनात पक्क्या होतात त्या याच्या मदतीने. विसराळूपणाच्या आजारात जे भाग आधी झिजतात त्यांत हा एक.

आल्टमन-दास यांच्या कामाकडे जवळजवळ दुर्लक्षच झालं. खोटं आहे असं कोणी ओरडून म्हटलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं. सभेत एखाद्याची सूचना "नोंद घेतली" म्हणून संपवतात तसं. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नोटेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दाखवल्या. कॅनरीचा नर दर वर्षी गाण्यात नवी भर घालतो आणि त्याच्या मेंदूतला गाण्याचा भाग ऋतूप्रमाणे लहान-मोठा होतो. तरी येल विद्यापीठाचे पास्को राकिच यांनी १९८५ साली माकडांवरच्या अभ्यासावरून बजावलं, की पक्ष्यांत होत असेल, आपल्या जातकुळीत हे होत नाही. राकिच काही हट्टी म्हातारा नव्हता, काम चोख होतं त्याचं. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होतं.

मग १९९८ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून बातमी आली. ती मी जेव्हा पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. तिथल्या काही कर्करोगाच्या रुग्णांना, गाठीतल्या पेशी किती वेगाने वाढतात ते कळावं म्हणून, एक द्रव्य टोचलं जात होतं. ते द्रव्यही नव्या डीएनएत शिरून खूण ठेवणारंच होतं. पीटर एरिकसन या डॉक्टरच्या लक्षात आलं, की ही खूण गाठीत बसते तशी मेंदूतही बसली असेल. पाच रुग्णांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले गेले. सगळे पन्नाशी-साठी ओलांडलेले, शेवटच्या आजारात असलेले. पाचही जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्याने जन्मलेल्या चेतापेशी होत्या. मरणाच्या दारात उभ्या माणसाच्या डोक्यात काहीतरी नवं उगवत होतं. एरिकसन आणि कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटचे फ्रेड गेज यांनी मिळून हे प्रसिद्ध केलं.

आता आपलं वर्ष, १९९९. त्याच गेज यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटे व्हॅन प्राग या संशोधिकेसमोर एक जुनं कोडं होतं. रिकाम्या पिंजऱ्यापेक्षा खेळणी, बोगदे, सोबती आणि फिरतं चाक असलेल्या पिंजऱ्यातल्या उंदरांचा मेंदू सरस होतो हे बर्कली विद्यापीठातल्या लोकांनी कधीच दाखवलं होतं. पण या सगळ्यातलं नेमकं काय कामाला येतं? तिने वेगवेगळे गट केले. काहींना पाण्यातलं कोडं शिकवलं, काही नुसते पोहले, काहींना भरलेला पिंजरा, आणि काहींना बाकी काहीच नाही, फक्त एक चाक. चाक मिळालेले उंदीर रात्रभर पळाले. कोणी पळवलं नाही, आपणहून, रोज चार-पाच किलोमीटर. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये टिकून राहिलेल्या नव्या पेशी बसून राहिलेल्या उंदरांच्या दुपटीहून जास्त होत्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात ते शिकण्यातही पुढे असल्याचं दिसलं. खेळणी नाहीत, कोडी नाहीत, नुसतं पळणं.

हे कसं होत असेल याचा एक धागा चार वर्षं आधीच हाती लागला होता. १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या कार्ल कॉटमन यांच्या गटाने दाखवलं होतं, की चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. हे प्रथिन चेतापेशींना जगवतं आणि त्यांच्या फांद्या वाढवतं. वर्तमानपत्रवाले त्याला मेंदूचं खत म्हणतात. मला ती उपमा आवडत नाही, पण वाईट नाही. कॉटमन यांना हा परिणाम हालचाल सांभाळणाऱ्या भागात दिसेल असं वाटत होतं. तो दिसला हिप्पोकॅम्पसमध्ये, स्मृतीच्या घरात. त्यानंतर बाकीचे धागे जमत गेले. दमाच्या व्यायामाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, रक्तदाब आणि साखर ताब्यात राहते, कामाला लागलेले स्नायू स्वतःच काही रसायनं रक्तात सोडतात आणि ती मेंदूपर्यंत खबर पोचवतात. आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण खाणं खातो वीस टक्क्यांच्या आसपास. रक्तपुरवठ्यातला थोडासा फरक त्याला लगेच जाणवणार, यात नवल नाही.

१९९९चा दुसरा निबंध माणसांवरचा. इलिनॉय विद्यापीठातले आर्थर क्रेमर यांनी ६० ते ७५ वयाच्या, आजवर बैठं आयुष्य गेलेल्या १२४ लोकांना घेतलं. अर्ध्यांना सहा महिने चालायला लावलं, अर्ध्यांना ताणाचे आणि स्नायू सैल-घट्ट करण्याचे व्यायाम दिले. शेवटी चालणारा गट काही विशिष्ट चाचण्यांत पुढे गेला. सगळ्या नाही, हे महत्त्वाचं. एका कामावरून दुसऱ्यावर पटकन वळणं, मधे येणाऱ्या फालतू गोष्टीकडे दुर्लक्ष करणं, सुरू केलेली चुकीची कृती थांबवणं, अशा चाचण्यांत. म्हणजे गॅसवर दूध, कानाला फोन, दारात कुरिअर, आणि तरी दूध उतू जाऊ न देणं. हे काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि वयाबरोबर ते आधी ढिलं पडतं. टेक्सासमध्ये वनीन स्पिर्डुसो या बाईंनी १९७५ सालीच दाखवलं होतं, की वर्षानुवर्षं रॅकेटचे खेळ खेळत आलेल्या वयस्क पुरुषांची प्रतिक्रिया बैठ्या तरुणांच्या जवळपास असते. पण तेव्हा प्रश्न उरायचा, की खेळल्यामुळे तल्लख राहिले, की मुळात तल्लख होते म्हणून खेळत राहिले? क्रेमर यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, म्हणून त्यांचं उत्तर जास्त भरवशाचं.

आणि २०११ साली त्याच परंपरेतले कर्क एरिकसन यांचा निबंध आला. १२० वयस्कर माणसं, आठवड्यातून तीनदा, चढत चढत चाळीस मिनिटांपर्यंत चालणं, एक वर्ष. एमआरआयमध्ये चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढलेला दिसला. न चालणाऱ्यांचा तेवढ्या काळात सुमारे १.४ टक्के घटला. जगभरच्या पेपरांत मथळे आले.

इथे मला घरातली गोष्ट सांगावी लागते. जुन्या सभासदांना माहीत आहे, नव्यांना नसेल.

२०१३ साली आमच्या यांना डिमेन्शियाचं निदान झालं. तीस वर्षं बँकेत गेलेला माणूस, आकडे तोंडावर. पहिल्यांदा लक्षात आलं ते मेंटेनन्सचा चेक एकाच महिन्यात दोनदा भरला तेव्हा, आणि तेव्हाच्या खजिनदारांनी काही न बोलता तो परत आणून दिला. त्याच सुमारास मी एरिकसन यांचा तो दोन टक्क्यांचा आकडा वाचला. जीवशास्त्राची मास्तरीण मी. मला वाटलं, सापडलं. मागच्या रस्त्याची एक फेरी माझ्या २१० पावलांची. मी घड्याळ लावून त्यांना रोज पहाटे चाळीस मिनिटं चालवायचे. ते फेऱ्या मोठ्याने मोजायचे, सहा, सात, सात, सहा. मग "पुरे आता" म्हणायचे. मी म्हणायचे, अजून दोन. पावसाळ्यात स्टिल्टखाली गाड्यांच्या मधून चालवलं. एकदा बी विंगमधल्या वहिनींनी मला थांबवून सांगितलं, अहो, दमलेत ते. मला राग आला होता. त्यांना काय माहीत शास्त्र.

२०१८च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. ४९४ रुग्ण, सगळे आधीच डिमेन्शिया झालेले, चांगला कसून व्यायाम. शरीर सुधारलं. मेंदूची घसरण थांबली नाही. उलट व्यायाम करणाऱ्या गटाचे गुण किंचित खालीच होते, फरक फार मोठा नव्हता. मी तो निबंध दोनदा वाचला. मग दुसऱ्या दिवसापासून घड्याळ बंद केलं. आम्ही गेटपर्यंत जायचो, तिथल्या बाकावर बसायचो, वॉचमनदादा सलाम करायचे, ते उलट सलाम करायचे, परत यायचो. चालण्याने त्यांना झोप चांगली लागायची हे खरं, आणि तेवढ्यासाठी ते चालणं योग्यच होतं. पण त्या चार-पाच वर्षांतल्या जास्तीच्या दोन फेऱ्या माझ्या हिशेबातल्या होत्या, त्यांच्या नाही. २०१९च्या जानेवारीत ते गेले.

मी चूक कुठे केली ते आता शांतपणे सांगू शकते. एरिकसन यांचे लोक निरोगी होते. मी त्यांचा आकडा आजारी माणसाला लावला. शिवाय त्याच निबंधात, नीट वाचलं तर, स्मृतीची चाचणी दोन्ही गटांची सुधारली होती, न चालणाऱ्यांचीही. मथळ्यात ते नव्हतं. २०१५ साली अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या सोळाशेवर बैठ्या लोकांवर दोन वर्षांची चाचणी झाली, तिच्यातही चालण्याच्या गटाची बुद्धी सरसकट पुढे गेल्याचं दिसलं नाही. सत्तरीत सुरू केलेल्या दोन वर्षांच्या चालण्याकडून किती मागायचं, हाही प्रश्न आहेच.

म्हणून मला सगळ्यात विचार करायला लावतो तो लांब पल्ल्याचा अभ्यास, आणि तोही गोथेनबर्गचाच. १९६८ साली तिथे ३८ ते ६० वयाच्या १९१ बायकांना व्यायामाच्या सायकलवर बसवून, थकेपर्यंत पेडल मारायला लावून, त्यांचा दमसास मोजला गेला. मग त्यांच्यावर ४४ वर्षं लक्ष ठेवलं. माझ्या सासूबाईंच्या वयाच्या बायका त्या. आमच्याकडे तेव्हा पाणी भरणं आणि जातं हाच दमसास. या बायकांपैकी ४४ जणींना पुढे डिमेन्शिया झाला. दमसास सर्वांत चांगला असलेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के, मधल्या गटात २५, कमी असलेल्यांत ३२. २०१८ साली, म्हणजे मी घड्याळ बंद केलं त्याच वर्षी, हे प्रसिद्ध झालं. संख्या लहान आहे, आणि दमसास चांगला असणाऱ्या बायका इतरही बाबतींत वेगळ्या असू शकतात, त्यामुळे यावरून कारण सिद्ध होत नाही हे संशोधकांनीच सांगितलं. तरी त्यातून दिसतं ते हे, की ज्या वयात आपल्याला वेळ नसतो त्या चाळिशी-पन्नाशीतलं शरीर ऐंशीतल्या डोक्याशी काहीतरी बोलत असावं.

तरुण मंडळींसाठी एक जपून सांगते, कारण आपल्या सोसायटीतून आता मुंबई मॅरेथॉनला जाणारी पाच-सहा मुलं-मुली आहेत. जास्त म्हणजे चांगलं असं सरळ गणित नाही. २००९ साली इटलीतल्या बारीपासून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत ४,४८७ किलोमीटरची शर्यत झाली, ६४ दिवस, एकही दिवस सुट्टी नाही. जर्मन डॉक्टर एमआरआयचं यंत्र ट्रकवर लादून धावपटूंच्या मागे मागे गेले. शेवटाकडे धावपटूंच्या मेंदूतल्या करड्या भागाचं आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आठ महिन्यांनी तपासलं तेव्हा ते भरून आलं होतं. म्हणजे नुकसान कायमचं नव्हतं, पण शरीर उपाशी पडलं की मेंदूलाही कात्री लागते. डी विंगच्या दोन आजी दर आषाढीला वारीला जातात, त्यांनी घाबरू नये. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तीन आठवड्यांत, मुक्काम-विसाव्यासकट. त्या धावपटूंची रोजची सरासरी सत्तर किलोमीटर होती.

बस ड्रायव्हरांची गोष्ट अर्धी राहिली. लंडनमध्ये एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं, की शहराच्या हजारो गल्ल्या पाठ असणाऱ्या टॅक्सी ड्रायव्हरांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे तुलनेसाठी त्यांनी कोणाला घेतलं? ठरलेल्या मार्गाने जाणाऱ्या बस ड्रायव्हरांना. तिथेही ते मागेच पडले. आधी कंडक्टरने हरवलं, मग टॅक्सीवाल्याने. बिचारे. पण यातून एक गोष्ट कळते, की मेंदू घडवण्याचा मक्ता एकट्या व्यायामाकडे नाही; रोज नवी वाट शोधणं हेही कामच आहे.

आणि तो एका मार्काचा प्रश्न? त्याचं उत्तर पुन्हा डळमळलंय. २०१८ साली एका गटाने सांगितलं, की प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जवळजवळ सापडतच नाहीत. महिनाभरात दुसऱ्या गटाने सांगितलं, भरपूर सापडतात, म्हाताऱ्यांतही. मेंदू मृत्यूनंतर किती वेळाने आणि कसा जतन केला यावर बरंच अवलंबून असतं. वाद मिटलेला नाही. उंदरांचं पक्कं, माणसांचं भांडण चालू. मी आज शिकवत असते तर त्या प्रश्नाला "चूक की बरोबर" ऐवजी "कारणे द्या" असं केलं असतं.

शेवटचा आकडा, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने डिमेन्शियाची चौदा अशी कारणं मांडली ज्यांच्यावर काही करता येतं, आणि सगळी हटवली तर जगातले सुमारे ४५ टक्के आजार टळतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. त्यात व्यायाम नसण्याचा थेट वाटा फक्त २ टक्के धरला आहे. कमी ऐकू येण्याचा ७. एकटेपणाचा ५. पहिल्यांदा वाचून मी खट्टू झाले होते. मग वाटलं, की रक्तदाब, मधुमेह, वजन ही वेगळी मोजलेली कारणंही चालण्याशीच जोडलेली आहेत. आणि पहाटे साडेपाचला आपले आठ-दहा जण मागच्या रस्त्यावर फिरतात तेव्हा ते एकटे नसतात. कानाचं यंत्र मात्र घ्या, ज्यांना सांगितलंय त्यांनी. कोणाला सांगितलंय ते त्यांना ठाऊक आहे.

आता त्या रस्त्याबद्दल. मागच्या वार्षिक सभेत तो चौदा गाड्यांच्या पार्किंगला द्यावा असा प्रस्ताव आला आणि पुढच्या सभेवर ढकलला गेला. गाड्यांची अडचण खरी आहे, माझ्या मुलाचीही गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते. मी प्रस्तावाच्या विरोधात मत देणार आहे, आणि त्यात माझा स्वार्थ आहे हेही लिहून ठेवते, म्हणजे सभेत कोणी तसं म्हणायला नको. पण निर्णय काहीही होवो, तोवर एक काम होण्यासारखं आहे. सी विंगच्या मागच्या कोपऱ्यावरचा दिवा दिवाळीपासून गेलेला आहे. तिथे फरशी उचकटलेली आहे आणि पहाटे अंधारात वळताना दिसत नाही. मी दोनदा रजिस्टरमध्ये लिहिलंय.